दोन दाजी आणि एक डायनो

देवानं माणसाला एक दाजी द्यावा. दोन देऊ नयेत. आणि दिलेच, तर त्या दोघांना एकसारखी गाडी घ्यायची बुद्धी तरी देऊ नये. वीरेशच्या बाबतीत देव दोन्हीकडं चुकला.

थोरल्या अक्काचे यजमान मल्लाप्पा, इचलकरंजीचे. यंत्रमागांच्या दोन शेडचे मालक. धाकट्या अक्काचे यजमान रुद्रेश, मुरगूडचे. त्यांचा पेट्रोल पंप. वीरेश दोघींच्या पाठचा एकुलता भाऊ, म्हणून त्याला दोघंही दाजी, थोरले आणि धाकटे. नावानं हाक मारायची त्याची टाप नाही, तेव्हा आपणही मारायला नको.

वीरेश उद्यमनगरात डायनो चालवतो. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले जाडजूड लोखंडी रोलर. गाडीची चाकं त्यावर चढवायची, गाडी पट्ट्यांनी चारी अंगांनी आवळून बांधायची, तोंडासमोर भला थोरला पंखा लावायचा आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा. गाडी जागची हलत नाही, रोलर गरागरा फिरतात. ते किती लवकर वेग घेतात त्यावरून चाकापर्यंत किती हॉर्सपॉवर पोचली ते शेजारच्या संगणकावर उमटतं. अप्पांनी, म्हणजे वीरेशच्या वडिलांनी, त्याच जागेत लेथ चालवून संसार केला. अप्पा गेल्यावर वीरेशनं लेथ विकले आणि कोइमतूरहून जुना डायनो आणला. भाऊबंद म्हणाले, पोरगं खुळं झालं. पण कोल्हापुरात वेगाच्या नादाला काय तोटा आहे? रेसवाली पोरं येतात, ट्यूनिंगवाले येतात, गोव्याला निघालेले पुण्याचे पावणे वाट वाकडी करून येतात. आणि येणारा प्रत्येक जण शेवटी एकच वाक्य बोलतो.

"मर्दा, माझ्या गाडीचा आकडा एवढा कमी कसा?"

माझा आकडा एवढा जास्त कसा आला रं, असं आजवर एका माणसानं विचारलेलं नाही. एका नाही! वीरेशला त्याचीच चीड. उत्तर त्याचं तोंडपाठ झालंय. कंपनी आकडा सांगते तो नुसत्या इंजिनाचा. मधे गिअरबॉक्स हाय, शाफ्ट हाय, टायर हायत, सगळे आपापला वाटा खातात. वर आपलं गाव समुद्रापासून उंचावर, हवा पातळ. उन्हाळ्यात आणखी पातळ. हे सगळं माणूस मान डोलावून ऐकतो आणि म्हणतो, "ते ठीक हाय, पण माझा आकडा कमी कसा?"

तर असा हा आधीच टेकीला आलेला माणूस. त्यात त्याच्या घरात दाजींचा मान. तो मान सोनाराच्या काट्यावर तोलावा तसा तोलावा लागतो. दिवाळीला टॉवेल-टोपी एकाच दुकानातली, एकाच गठ्ठ्यातली. एका दाजींना फोन केला की ठेवल्या ठेवल्या दुसऱ्यांना लावायचा. पाच वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात फेटेवाल्यानं समोर दिसले म्हणून धाकट्या दाजींना आधी फेटा बांधला. झालं! थोरले दाजी सबंध लग्नात बोडक्या डोक्यानं बसले आणि अक्षता न टाकताच उठून गेले. त्यावरून दोघी अक्कांची जुंपली, आणि जी जुंपली ती अशी, की पाच वर्षं दोघी एका छपराखाली आल्या नाहीत. एक पाडव्याला माहेरी यायची, दुसरी भाऊबीजेला. अव्वा, म्हणजे त्यांची आई, मधल्या रात्री भांडी घासून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुसरी दिवाळी करायची.

यंदा बसवजयंती झाली की येणाऱ्या सोमवारी अव्वाला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. अय्यांना, म्हणजे जंगमस्वामींना, घरी बोलवायचं, पाद्यपूजा करायची, चार माणसं जेवू घालायची, असं वीरेशच्या मनात. त्यानं अव्वाला विचारलं, काय घेऊ तुला?

"साडी नगं, सोनं नगं," अव्वा म्हणाली. "माझ्या दोघी लेकी एका पंगतीला बसलेल्या बघायच्या हायत. बास."

वीरेश दोन्ही गावांना किती वेळा गेला, दोघा दाजींपुढं किती नाक घासलं, ते त्याचं त्याला माहीत. अखेर दोघं कबूल झाले. थोरले म्हणाले, तो येणार असला तरी येतो. धाकटे म्हणाले, तो येणार असला तरी येतो. वीरेशनं सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात गाड्या आल्या.

आधी थोरल्या दाजींनी घेतली. दोन दारांची, बसकी, लालभडक स्पोर्ट्स कार. मागची सीट नावापुरती, तिथं माणूस बसला तर गुडघे हनुवटीला लागावेत. इचलकरंजीच्या खड्ड्यांतून ती कशी काढायची हा विचार घेऊन झाल्यावर सुरू झाला. ही बातमी मुरगूडला पोचली मात्र, धाकट्या दाजींनी तीच गाडी, तोच रंग, त्याच शोरूममधून उचलली. निळी घ्या की हो, म्हणून धाकटी अक्का रडकुंडीला आली होती म्हणे. पण निळी घेतली तर लोक म्हणणार, लाल मिळाली नाही!

थोरले दाजी एका सकाळी गारव्यालाच डायनोवर हजर. "मेव्हणं, जरा बघू तरी आमचं घोडं किती पळतंय."

वीरेशनं गाडी बांधली, पंखा लावला, ताकद काढली. दोनशे चौदा.

"कंपनी अडीचशे म्हणत्या!"

वीरेशनं तोंडपाठ उत्तर दिलं. दाजींनी मान डोलावली, पण तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या ट्यूनिंगवाल्यानं 'चाकावर दोनशे चौदा म्हणजे नाद खुळा' असं म्हटलं आणि दाजींची छाती फुगली. त्यांनी कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वीरेशच्या मशीनवर. खात्रीशीर.'

त्याच दुपारी, भर उन्हात, धाकटे दाजी आले. मुरगूडहून निघाले ते कागलला एका मित्राला गाडी दाखवून, त्याला बसवून चार फेऱ्या मारून, बॉनेटवर पापड भाजावा एवढं इंजिन तापवून आले. वीरेश म्हणाला, "दाजी, उद्या सकाळी या की. गाडी जरा निवू दे."

"त्यांची लगेच केलीस, आमची उद्या व्हय?"

वीरेशला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण दाजींना नाही म्हणायची जीभ त्याला दिलेलीच नाही. त्यानं गाडी बांधली. दोनशे तीन.

धाकट्या दाजींनी आकडा बघितला. मग वीरेशकडं बघितलं. मग पुन्हा आकडा बघितला. एक शब्द बोलले नाहीत. गाडी सोडवून घेतली आणि गेले. बोलले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी धाकट्या अक्काचा फोन आला.

"वीरू, ह्यांनी सांगितलंय, आम्ही सोमवारी येत न्हाय."

"अगं अक्का, कशापायी?"

"थोरल्यास्नी अकरा घोडं जास्त दिलास म्हणं तू."

"मी दिलं? मी घोडं वाटत बसलोय व्हय? मशीन दाखवतंय ते!"

"मला काय कळत न्हाय बाबा त्यातलं. जेवले न्हाईत दुपारपासनं." आणि तिनं फोन ठेवला.

यप्पा! वीरेशनं डोक्याला हात लावला. वर्षातनं एकदा पोटभर शिव्या द्यायची मुभा असती तर त्यानं ती त्या संध्याकाळी वापरली असती. अव्वा स्वयंपाकघरातून विचारत होती, हुग्गीच्या खिरीला गहू किती भिजवू, दोघींकडची मिळून किती माणसं धरू? आणि हा 'बघू, बघू' म्हणत अंगणात येरझाऱ्या घालत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो स्वतः मुरगूडला गेला आणि दाजींना गाडीसकट घेऊन आला. आता मात्र त्यानं सगळं नीट करायचं ठरवलं. टायरमधली हवा बघितली, मागच्या दोन चाकांत कमी होती. कमी हवेचा टायर रोलरवर चपटा बसतो आणि ताकद खातो. मग त्यानं बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टर बाहेर काढला.

फिल्टर गुलाबी होता. गुलाबी म्हणजे नखशिखान्त गुलाबी. वीरेशनं तो जमिनीवर आपटला तर गुलालाचा लोट उठला आणि त्याच्या शर्टाची होळी झाली.

"दाजी, गाडी घिऊन जोतिबाला गेलता व्हय?"

"म्हंजे? नवी गाडी जोतिबाला न्यायची न्हाय तर कुठं न्यायची?" दाजी म्हणाले. "यात्रेलाच नेली. पोरांनी बॉनेट उघडून इंजिनवरबी गुलाल उधळला. चांगभलं म्हटलं."

"इंजिन चालू ठेवून?"

"मग! एसी नगं का? उन्हाचं बसायचं कसं?"

देवाच्या गुलालाबद्दल काय बोलणार? पण इंजिनाला श्वास लागतो, आणि ह्यांनी यात्रेच्या गर्दीत त्याच्या नाकात पोतंभर गुलाल कोंबला होता. पेट्रोलचीही एक गोष्ट होती. ह्या गाडीला भारी पेट्रोल लागतं, साधं घातलं की इंजिन स्वतःहून हात आखडता घेतं. थोरले दाजी कोल्हापुरातून भारी पेट्रोल भरतात. धाकटे स्वतःच्या पंपावरचं साधं. आता पेट्रोल पंपाच्या मालकाला, ते पण दाजींना, तुमच्या पेट्रोलनं घोडे कमी होतात म्हणून सांगायचं? वीरेशला अजून चार दिवस जगायचं होतं. त्यानं गुपचूप 'मशीनच्या नियमाप्रमाणं' म्हणून टाकीत आपल्याकडचं भारी पेट्रोल भरलं, नवा फिल्टर घातला, इंजिन निवू दिलं आणि सकाळच्या गार हवेत आकडा काढला.

दोनशे एकोणीस.

धाकट्या दाजींनी वीरेशला मिठीच मारली. कागदाचा फोटो ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, 'वीरेशच्या मशीनवर. एकदम खात्रीशीर.' वर गुलालाच्या रंगाचा एक बदाम.

वीरेश घरी येऊन जेवायला बसला. पहिला घास तोंडात गेला तोच थोरल्या अक्काचा फोन. "वीरू, हे म्हणत्यात, ज्या घरात मापात पाप हाय त्या घरचं आमास्नी जेवायचं न्हाय."

"अक्का, त्यांचा फिल्टर चोंदला होता!"

"आणि आमच्या वेळंला तू फिल्टर बघितलास का?"

नव्हता बघितला. ते एक खरं होतं. बघायची गरज नव्हती, पण हे अक्काला कोण सांगणार?

"ताटावर बसून माणसानं एवढं लाल व्हायचं नसतं," सौंदर्या म्हणाली. ती वीरेशची बायको. लग्न होऊन आल्यापासून दोन्ही दाजींच्या टोप्या तीच घेऊन येते, म्हणून ह्या विषयात तिचा अनुभव दांडगा. "दोघास्नी एकदमच बोलवा की. समोरासमोर होऊ दे."

रविवारी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, वीरेशनं दुकान बाकीच्यांसाठी बंद ठेवलं आणि दोघा दाजींना बोलावलं. पाच वर्षांनी ते दोघं एका खोलीत आले. एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. मधे रोलर. राम राम नाही की शरणार्थ नाही.

वीरेशनं दोन्ही गाड्यांत एकाच कॅनमधलं पेट्रोल भरलं. दोन्हींचे फिल्टर नवे घातले. आठही टायरमध्ये सारखी हवा भरली. दोन्ही गाड्या सावलीत गार केल्या. पट्ट्या सारख्या ताणल्या. ह्यापेक्षा जास्त सारखेपणा माणसाच्या हातून होणं शक्य नाही, आणि दिवाळीच्या टोप्यांतसुद्धा त्यानं तो कधी आणला नव्हता.

थोरल्यांची गाडी, दोनशे सतरा. धाकट्यांची, दोनशे बारा.

"बघा!" थोरले म्हणाले.

"काय बघा? त्यांची आधी घेतलीस! तवर मशीन ताजं होतं!" धाकटे म्हणाले.

म्हणून वीरेशनं थोरल्यांची गाडी पुन्हा चढवली. दोनशे तेरा.

आता थोरले दाजी भिंत सोडून पुढं आले. "मेव्हणं, हीच गाडी मघाशी सतरा होती. मधल्या मधे चार घोडं गेलं कुठं?"

वीरेशनं कपाळ पुसलं. मग तो तिथंच रोलरच्या कडेला उकिडवा बसला आणि जे सगळ्या गिऱ्हाइकांना घाईघाईनं सांगतो ते ह्या दोघांना सावकाश, लहान पोराला समजवावं तसं सांगितलं. "दाजी, ऐका. इंजिन आतनं तापलं की कमी ओढतं. खोली तापली, हवा पातळ झाली की कमी ओढतं. पट्टी बोटभर जास्त आवळली तर टायर रोलरवर दाबला जातो, आकडा पडतो. रोलर गरम झाला तरी फरक. कारखान्यात एकाच दिवशी, एकाच साच्यातनं काढलेली दोन इंजिनं असली तरी आतले तुकडे केसभर इकडं तिकडं असतात. थोरले दाजी, तुमच्या शेडमध्ये एकाच कंपनीचे, एकाच साली घेतलेले माग हायत. सगळ्यांवर कापड सारखंच निघतं का?"

"छे! सात नंबरचा माग तर जन्मापासनं रडतोय," थोरले म्हणाले.

"धाकटे दाजी, तुमच्या पंपावरची दोन नोझल?"

"एक घाईचं, एक दमाचं," धाकटे म्हणाले.

"मग? पुण्याला दुसऱ्याचं मशीन हाय, त्यावर ह्याच गाड्या न्या, तिसराच आकडा येईल. आकडा म्हंजे जवळपास, एवढंच. माझ्या मशीनवर एकच गाडी एका दिवसात दोनदा चढवली तरी आकडा सारखा येत न्हाय. दोन गाड्यांचा तर सोडाच!"

दोघं दाजी विचारात पडले. मग थोरले हळूच म्हणाले, "म्हंजे कधीच सारखा येत न्हाय."

"कधीच न्हाय."

"पक्कं?" धाकट्यांनी विचारलं.

"अप्पांच्या शपथेवर."

त्या क्षणी दोघा साडूंच्या चेहऱ्यावर शहाणपणाची अशी काही शांत कळा आली, की वीरेशला वाटलं, जिंकली! सोमवार जिंकला. एवढ्यावर त्यानं शटर ओढून कुलूप घातलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण थोरले दाजी म्हणाले, "ते कळलं. तरी एक शेवटचा कागद दे. ग्रुपवर टाकायला काहीतरी हवं की."

"मलाबी," धाकटे म्हणाले.

वीरेश केबिनमध्ये गेला. सौंदर्या चहाची किटली घेऊन तिथंच बसली होती. त्यानं तिला सांगितलं, आता कागद द्यायचा, आणि ज्याचा आकडा कमी तो उद्या येणार नाही.

"मग सारखाच द्या की," ती म्हणाली. "टॉवेल-टोपी सारखी देता न्हवं?"

वीरेशनं आजवर कुणाला खोटा आकडा दिलेला नाही. आमदाराच्या पोराला दिला नाही, पोलिसाला दिला नाही. रेसवाल्यांनी पाय धरले तरी दिला नाही. गावात त्याला दुसरं काही नाही, पण त्याच्या कागदाला मान आहे. आणि आता त्या माणसानं मुंडी खाली घालून संगणकात खोलीचं तापमान एकदा वाढवलं, एकदा कमी केलं, हवेचा हिशेब असा काही फिरवला की दोन्ही कागदांवर एकच आकडा आला. त्याला स्वतःची लाज वाटली. पण अव्वाचे गहू भिजत पडले होते.

त्यानं बाहेर येऊन दोघांच्या हातात एकाच वेळी, दोन हातांनी, दोन कागद दिले. आधी कुणाला असं व्हायला नको.

धाकट्या दाजींनी चष्मा लावला. थोरल्यांनी कागद लांब धरला. मग पाच वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांजवळ गेले आणि कागदाला कागद लावून बघितला.

"दोनशे पंधरा पूर्णांक चार," थोरले वाचत होते.

"दोनशे पंधरा पूर्णांक चार," धाकटे वाचत होते. "दशांशापातूर सारखा?"

"आत्ताच म्हणत होता ना रं, कधीच येत न्हाय?"

"अप्पांची शपथ घेतली की ह्यानं!"

दोघं एकदमच वीरेशकडं वळले. "काय मेव्हणं," थोरले म्हणाले, "आमी काय बारकी पोरं वाटलो व्हय? दोघांच्या हातात एकएक गोळी देऊन गप बसवायला?"

"फसवलंस की आमास्नी," धाकटे म्हणाले. "ह्यांनाबी आणि मलाबी."

आणि तिथं वीरेशचं टाळकं सरकलं. सगळ्या वर्षांच्या टोप्या, सगळे फोन, तो फेटा, ते नाक घासणं, गुलालानं माखलेला शर्ट, सगळं एकदम घशाशी आलं. दाजींसमोर ज्याचा कधी आवाज चढला नाही तो माणूस असा ओरडला की समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातलं काम थांबलं.

"खरा दिला तरी रुसता, खोटा दिला तरी रुसता! गाडीचं सोडा, तुमची दोघांची डोकी ह्या रोलरवर घातली आणि पंखा लावला, तरी अर्धा घोडा निघायचा न्हाय! जावा! यायचं तर या उद्या, न्हाय तर राहू दे!"

दाजींना उलटं बोलणं आमच्याकडं होत नाही. झालंच नव्हतं.

"मला म्हणाला व्हय?" धाकट्यांनी विचारलं.

"दोघास्नी म्हणाला," थोरले म्हणाले. त्यांची गाडी अजून रोलरवर आवळून बांधलेली होती आणि ती सोडव म्हणून ह्या माणसाला सांगणं आता त्यांच्या मानात बसणारं नव्हतं. ते तसेच दाराकडं निघाले.

"अण्णा," धाकटे मागून म्हणाले, "बसा माझ्या गाडीत. सोडतो इचलकरंजीला." आणि मुरगूडच्या माणसानं गाडी मुरगूडच्या उलट्या दिशेला वळवली.

वीरेश रोलरच्या कडेला किती वेळ बसला होता कोण जाणे. सौंदर्यानं चहा पुढं केला तर त्यानं घेतला नाही. "अव्वाला मी काय सांगू?" एवढंच तो म्हणाला. घरी जाऊन त्यानं सांगितलं काहीच नाही. अव्वा विचारत होती, थोरलीला तिखट चालत न्हाय, आमटी दोन करू का? तो म्हणाला, कर. आतून त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, दाजींचा, मशीनचा, स्वतःचा. एक दिवस तोंड आवरलं असतं तर काय बिघडलं असतं!

सोमवारी अय्या आले. पाद्यपूजा सुरू झाली. वीरेशचे कान दाराकडं. दोन्ही अक्कांचे फोन सकाळपासून बंद. पूजा संपत आली तशी अव्वानं विचारलं, "आल्या न्हाईत न्हवं अजून?"

तेवढ्यात गल्लीत गाडीचा आवाज आला. लाल, बसकी, एकच. ती दारात उभी राहिली आणि पुढून दोन दाजी उतरले. मग सीट पुढं वाकवून, मागच्या त्या नावापुरत्या जागेतून, आधी एक अक्का निघाली आणि मग दुसरी. दोघींच्या साड्या चुरगळलेल्या, केस विस्कटलेले. धाकटे दाजी रात्री इचलकरंजीतच राहिले होते, आणि सकाळी तिघं मिळून मुरगूडहून धाकटीला घेऊन आले होते. ती सगळी वाट दोघी बहिणी गुडघ्याला गुडघा लावून, त्या डबीत कोंबून आल्या होत्या.

"कुठाय तो?" थोरली उंबऱ्यातूनच ओरडली.

"दाजींची डोकी रोलरवर घालतोस व्हय रं?" धाकटी तिच्या मागून.

"लाज वाटली न्हाय..."

"...अप्पांची शपथ घेऊन खोटं बोलायला?"

एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. वीरेश खांबाला टेकून मुकाट ऐकत होता. दोघा दाजींनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी एकमेकांना 'आधी तुमी, आधी तुमी' करत हात-पाय धुतले आणि शेजारी शेजारी पाटावर जाऊन बसले. दोघी अक्का अव्वाच्या दोन्ही बाजूंना बसल्या. बसतानाही त्यांचं चालूच होतं, हा लहानपणापासूनच असा आगाऊ, अव्वानं लाडावून ठेवला, आठवतंय का गं तुला, आणि दोघी हसल्या. मग आपण रागावलोय हे आठवून गप्प झाल्या.

अव्वा घासभर जेवायची आणि इकडं बघायची, घासभर जेवायची आणि तिकडं बघायची. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तरी तोंड हलत होतं. वीरेश वाढत वाढत तिच्यापाशी आला आणि वाकून हळूच म्हणाला, "अव्वा, माझं चुकलं बघ. जेवणं झाली की दोघा दाजींचे पाय धरतो. मिटवून टाकतो."

अव्वानं त्याचं मनगट धरलं. "नगं."

"आं?"

"एवढ्यात माफी मागू नगंस," ती लेकींना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली. "तुझ्यावर राग हाय तवर चौघं एक हायत. दिवाळी तरी होऊ दे."

"आणि माझ्याशी दिवाळीपातूर कोण बोलायचं न्हाय त्याचं काय?"

"तुझं काय," अव्वा म्हणाली, "तू घरातलाच की."

पंगतीतून थोरले दाजी वीरेशच्या अंगावरून पलीकडं बघत ओरडले, "सौंदर्या, हुग्गी कोण वाढतंय का न्हाय इथं?" वीरेशनं तोंड उघडलं. अव्वानं मनगट सोडलं नव्हतं. त्यानं तोंड मिटलं, पातेलं उचललं आणि दोघा दाजींच्या ताटात, न बोलता, हुग्गी वाढली.